पाऊल कसे पडते (भाग ९) : एकशेऐंशीचा आकडा

टाच आधी टेकावी की चवडा, हा विषय या आठवड्यासाठी ठरला होता. साताऱ्याहून आलेल्या एका पत्रामुळे तो पुढे गेला आहे. पत्रलेखक ५२ वर्षांचे, अंगाने उंच, हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे. त्यांचे घड्याळ कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावले, १६४ दाखवते. बरोबर धावणाऱ्या सगळ्यांनी बजावले की १८० पाहिजेच. महिनाभर मोबाइलवर ठोके लावून ते १८०च्या मागे लागले. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, दम लवकर लागू लागला आणि वेळ मात्र तसूभर सुधारली नाही. कुठे चुकते आहे, असे ते विचारतात.

त्यांचे फारसे काही चुकत नाही. हा आकडा मुळात कुणाच्या पायांवरून आला, ते एकदा पाहायला हवे.

१९८४चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक. आपल्याकडे ते पी. टी. उषाच्या शतांश सेकंदाने हुकलेल्या पदकासाठी आठवले जाते. त्याच ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी धावपटूंची पावले मोजत बसले होते. डॅनियल्स प्रशिक्षक आणि व्यायामशास्त्राचे अभ्यासक. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये १९५६ आणि १९६०च्या ऑलिंपिकची सांघिक पदके त्यांच्या नावावर. त्यांनी मोजलेल्या ४६ धावपटूंत १८०पेक्षा कमी पावले टाकणारा एकच निघाला, आणि त्याचीही १७६ होती. पुढे डॅनियल्स यांचे प्रशिक्षणावरचे पुस्तक जगभर वाचले गेले आणि त्यातला हा आकडा मैदानामैदानांवर पोहोचला. वाटेत एक गोष्ट गळाली. ही माणसे जगातली सर्वोत्तम होती, आणि मोजणी झाली ती शर्यतीत, शर्यतीच्या वेगाने धावताना.

वेग म्हणजे पावलांची संख्या गुणिले पावलाची लांबी. किलोमीटर ३ मिनिटांत कापणारा मिनिटाला ३३३ मीटर जातो. १८० पावले टाकली तर त्याचे प्रत्येक पाऊल १ मीटर ८५ सेंटिमीटरचे. आपले सातारकर किलोमीटरला ७ मिनिटे घेतात, म्हणजे मिनिटाला १४३ मीटर. १६४ पावलांत त्यांचे पाऊल ८७ सेंटिमीटरचे पडते. तोच वेग १८०ने गाठायचा तर पाऊल ७९ सेंटिमीटरवर आणावे लागेल, आणि २१ किलोमीटरमध्ये सुमारे २,४०० पावले जास्त टाकावी लागतील. उंच माणसाने लांब पाय आखडून तुरुतुरु धावायचे, तेही अडीच तास! पोटऱ्यांनी तक्रार केली नसती तरच नवल.

डॅनियल्स यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. नवखे धावपटू लांब ढांगा टाकून प्रत्येक पावलाला जमिनीवर आदळतात, हे त्यांनी पाहिले होते. पावले वाढवा, हा त्यांचा सल्ला त्यातून आला होता आणि तो आजही मोलाचा आहे. पण सल्ल्याचा आकडा झाला, आणि आकड्याची अट.

या अटीला मोठा धक्का दिला तो जेफ बर्न्स यांनी. त्या वेळी मिशिगन विद्यापीठात संशोधक असलेले बर्न्स स्वतः अतिदीर्घ पल्ल्याचे धावपटू. २०१६मध्ये स्पेनमधल्या लोस अल्काझारेस इथे १०० किलोमीटरची जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली. तिच्यातल्या आघाडीच्या वीस स्त्री-पुरुषांची पावले त्यांनी तपासली. सरासरी निघाली १८२, म्हणजे डॅनियल्स यांच्या आकड्याच्या अगदी शेजारी. पण खरी गंमत विस्तारात आहे. एकाची सरासरी १५५, तर दुसऱ्याची २०३! दोघेही त्याच आघाडीच्या गटातले. वेग वाढला की पावले वाढतात आणि उंची वाढली की कमी होतात, एवढे त्या आकड्यांतून स्पष्ट दिसले.

मग प्रत्येकाचा आकडा ठरवतो कोण? बव्हंशी त्याचे शरीरच. १९८२मध्ये कॅव्हानाह आणि विल्यम्स यांनी दहा तयारीच्या धावपटूंना ठरावीक वेगाने पळवले, पावलाची लांबी मुद्दाम कमी-जास्त करायला लावली आणि खर्ची पडणारा ऑक्सिजन मोजला. स्वतःच्या सवयीने टाकलेले पाऊल बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त पडणाऱ्या पावलाच्या जवळच निघाले. फरक काही सेंटिमीटरचा. पाऊल फार लांबले तर पाय शरीराच्या बराच पुढे पडून ब्रेक लागतो. फार आखडले तर पाय पुढे-मागे झुलवण्यातच ताकद जाते. वर्षानुवर्षे धावणारे शरीर या दोन खर्चांमधला मध्य स्वतः शोधते. कुणी शिकवत नाही, घड्याळ सांगत नाही, तरी ते शोधते. या साऱ्या शास्त्रात याहून सुंदर काही नाही.

तरीही कॅडन्स बदलण्याला अर्थ आहे. कारण मात्र वेगळे. गुडघा. विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी ४५ हौशी धावपटूंवर केलेला प्रयोग २०११मध्ये प्रसिद्ध झाला. वेग तोच ठेवून पावले फक्त ५ टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्याने झेललेली ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी घटली. १० टक्के वाढीला ही घट ३४ टक्क्यांवर गेली. म्हणजे गुडघा कुरकुरत असेल तर १६४वरून १७२पर्यंत जाणे पुरेसे आहे, आणि तेही महिना-दोन महिने घेऊन, सुरुवातीला आठवड्यातल्या एखाद्याच धावेत. गुडघा ठणठणीत असेल तर आकड्याला हात लावण्याची घाई नको.

ठोक्यांचा कंटाळा येणाऱ्यांनी मोबाइलवरचा तबला लावून पाहावा. मात्रेला एक पाऊल धरले की तीनतालात सम, म्हणजे पहिली मात्रा, प्रत्येक आवर्तनात त्याच पायावर येते, कारण मात्रा सोळा, सम संख्या. रूपकाच्या सात मात्रांत ती एकदा उजव्या आणि एकदा डाव्या पायावर पडते. एकाच पायावर भार देऊन धावण्याची खोड असेल, तर रूपकावर धावताना ती चटकन कानाला कळते.

आता पत्रलेखकांच्या हिल हाफ मॅरेथॉनचा मार्ग, म्हणजे साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट. ही शर्यत अर्धी चढाची आणि अर्धी उताराची. गुडघ्याची परीक्षा असते उतारावर. तिथे ढांग आपोआप लांबते आणि मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत राहतात. पावले वाढवायची असतील, तर पत्रलेखकांनी ती आधी इथे वाढवावीत.

बाकीच्या वाचकांसाठी एक काम. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजा आणि चौपट करा. एकदा सपाटीवर, एकदा उतारावर. दोन्ही आकडे आणि आपली उंची कळवा. टाच-चवड्याचा राहिलेला भाग त्यांच्यावरूनच सुरू करता येईल.