परळच्या चाळीतून महापालिकेत: अहिल्या रांगणेकर

अहिल्या रांगणेकर 1961 मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि सुमारे 19 वर्षे नगरसेविका राहिल्या. स्त्रियांसाठी तेव्हा एकही जागा राखीव नव्हती. त्यांचा पक्ष कम्युनिस्ट होता आणि निवडून आल्यावर काही वर्षांतच तो फुटला. पुढे त्या खासदार झाल्या, पक्षाच्या राज्य सचिव झाल्या, केंद्रीय समितीवर गेल्या. चरित्रकोशात खासदारकीचा उल्लेख आधी येतो, पण त्यांच्या राजकारणाची खरी जडणघडण वॉर्डात झाली. पाणी, रेशन, संडास, दवाखाना हे प्रश्न त्यांनी राजकारणाची पहिली पायरी म्हणून हाताळले नाहीत, त्यांच्या लेखी तेच राजकारण होते.

त्यांचा जन्म 8 जुलै 1922 रोजी पुण्यात, रणदिवे कुटुंबात झाला. कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे हे त्यांचे थोरले बंधू. 1942 मध्ये त्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत होत्या. ‘चले जाव’च्या काळात त्यांनी विद्यार्थिनींचा मोर्चा काढला आणि त्यांची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. तिथे या मुलींनी साड्यांच्या कापडातून तिरंगा शिवला आणि एकमेकींच्या खांद्यांवर चढून तो तुरुंगाच्या भिंतीवर फडकवला. सुटून आल्यावर महाविद्यालयाचे दरवाजे बंद झाले होते. मग पुढचे शिक्षण मुंबईत, माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात झाले. 1943 मध्ये त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद झाल्या आणि 1945 मध्ये पक्षातलेच सहकारी पी. बी. रांगणेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या ज्यात काम करू लागल्या त्या परळ महिला संघाची सुरुवातही 1943 मधलीच. परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा तेव्हाचा गिरणगाव. भोंग्यावर चालणारा, रात्रपाळीला जागा राहणारा, आणि 1928 च्या संपापासून लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनची सवय असलेला भाग. दहा बाय बाराच्या खोलीत एक कुटुंब, शिवाय गावाकडचे चार-दोन भाऊबंद. मजल्याच्या टोकाला सामायिक मोऱ्या आणि संडास. गिरण्यांत 1920 च्या दशकात कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढच्या काळात वाइंडिंग आणि रिलिंगची खाती आक्रसत गेली तसतशा त्या गिरणीबाहेर पडल्या आणि खानावळी चालवणे, पापड लाटणे, घरकाम करणे अशी कामे करू लागल्या. त्यामुळे स्त्रियांची संघटना निव्वळ कामगार युनियनच्या वाटेने उभी राहणे अवघड होते. परळ महिला संघाने चाळ हे संघटनेचे ठिकाण मानले आणि धान्याचा काळाबाजार, रेशनच्या रांगा, साक्षरता या कामांतून बायका जमा केल्या. या संघाचे नाव पुढे श्रमिक महिला संघ झाले. पुढच्या सगळ्या राजकारणाचे भांडवल या कामात होते, असे म्हटले तर चुकीचे ठरणार नाही.

फेब्रुवारी 1946 मध्ये या संघटनेची फार मोठी परीक्षा झाली. ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नाविकांनी 18 तारखेला बंड पुकारले. त्यांच्या पाठिंब्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने 22 तारखेला सार्वत्रिक संपाची हाक दिली. ब्रिटिश लष्कराने मुंबईच्या रस्त्यांवर केलेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. परळला परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून जागीच गेल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी लागली. शेजारी असलेल्या अहिल्याबाई थोडक्यात वाचल्या. कमल दोंदे यांचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात यायला हवे तेवढे येत नाही, ही खंत बाळगण्याजोगी गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या महापालिकेची पहिली प्रौढ मतदानाची निवडणूक 1948 मध्ये झाली. त्याआधी मतदानाचा हक्क ठरावीक भाडे किंवा कर भरणाऱ्यांपुरता होता, म्हणजे गिरणगावातला बहुसंख्य माणूस महापालिकेच्या राजकारणाबाहेर होता. तो आत आल्यावर सभागृहाचा चेहरा बदलायला वेळ लागला नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीने 1957 मध्ये महापालिका जिंकली आणि 1958 मध्ये मीरत खटल्यात शिक्षा भोगलेले कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अहिल्याबाईंनी स्त्रियांच्या तुकड्या घेऊन सत्याग्रह केले, तुरुंगवासही भोगला. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी झाले आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्या सभागृहात गेल्या. त्याच निवडणुकीत गोरेगावहून समाजवादी मृणाल गोरे निवडून आल्या. मृणालताईंनी आधी गोरेगाव ग्रामपंचायतीत काम केले होते. विचारांनी वेगळ्या वाटेच्या या दोघींचे सख्य पुढे मुंबईच्या राजकारणात मोठे काम करून गेले.

नगरसेविकेच्या हातात नेमके काय असते, हे समजून घेतल्याशिवाय या 19 वर्षांचा अर्थ लागत नाही. मुंबई महापालिकेचा कारभार 1888 च्या कायद्यावर चालतो. त्या कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताला दिला आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. महापौरपद मानाचे, पण प्रशासन त्याच्या हुकमावर चालत नाही. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. याचा परिणाम असा की विरोधी पक्षाच्या एकट्यादुकट्या सभासदाला कायदा बदलता येत नाही, मात्र अंदाजपत्रकाच्या वेळी बोलता येते, प्रश्न विचारून अधिकाऱ्यांकडून उत्तर काढता येते, वॉर्ड ऑफिसात जाऊन बसता येते. आणि या संस्थेचा पसारा प्रचंड होता. केईएम, नायर, शीव ही मोठी रुग्णालये तिची, प्राथमिक शाळा तिच्या, 1947 पासून बेस्टच्या बस आणि वीजही तिची. तानसा आणि वैतरणेचे पाणी शहरात आणणारी तीच. गिरणगावातल्या बाईचा दिवस पहाटे नळावर सुरू होई तेव्हापासून आजारी पोराला केईएमच्या रांगेत नेईपर्यंत ज्या सरकारशी तिचा संबंध येई, ते सरकार म्हणजे महापालिका.

बुऱ्हाणपूरकरांना हे समजायला कठीण नाही. 1906 मध्ये सुरू झालेल्या ताप्ती मिलने आणि नंतर घरोघरच्या पॉवरलूमने याही गावाला कामगारवस्त्या दिल्या. पाणी शहरापर्यंत आणणे हे राज्यकर्त्यांचे काम असते, याचा पुरावा तर सतराव्या शतकातल्या कुंडी भंडाऱ्याच्या रूपाने जमिनीखाली आजही आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी केवळ उताराच्या जोरावर गावात आणणारी ती योजना मोगल सुभेदाराच्या इच्छेने झाली. विसाव्या शतकात फरक पडला तो एवढाच की पाण्याचा जाब विचारण्याचा हक्क मतदाराकडे आला. अहिल्याबाईंसारख्या सभासदांनी हा हक्क वापरायची सवय वस्तीतल्या बायकांना लावली.

पक्षातली परिस्थिती मात्र बिकट होत गेली. 1962 च्या चीन युद्धानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली, त्यात अहिल्याबाईंनाही तुरुंगात जावे लागले. 1964 मध्ये पक्ष फुटला. त्या मार्क्सवादी पक्षाबरोबर गेल्या. गिरणगावातली जुनी युनियन आणि तिचे नेते श्रीपाद अमृत डांगे दुसऱ्या बाजूला राहिले. म्हणजे मुंबईत त्यांच्या वाट्याला लहान पक्ष आला. 1968 च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने गिरणगावात मोठी मुसंडी मारली, आणि जून 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. लाल बावटा ज्या गल्ल्यांत सहज फडकत असे त्या गल्ल्यांत आता कार्यकर्त्याला जीव मुठीत धरून फिरावे लागे. अशा काळात महापालिकेतली जागा टिकवून ठेवणे पक्षाच्या लाटेवर शक्य नव्हते. ती टिकली ती वस्तीतल्या ओळखीवर.

वेल्समध्ये अशीच एक कारकीर्द घडत होती. ऱ्हाँडाच्या कोळसा खोऱ्यातल्या शिक्षिका अ‍ॅनी पॉवेल (1906–1986) कम्युनिस्ट उमेदवार म्हणून वारंवार निवडणुका लढल्या आणि हरल्या, पण स्थानिक कौन्सिलवर त्या निवडून आल्या आणि 1979 मध्ये ऱ्हाँडाच्या महापौर झाल्या. पार्लमेंटसाठी मजूर पक्षाला मत देणारे खाणकामगार कौन्सिलसाठी त्यांना मत देत. घरदुरुस्ती आणि भाड्याच्या तक्रारी घेऊन कोणाच्या दारात जायचे हे लोकांना पक्के ठाऊक असते, आणि मत देतानाही ते त्यांच्या ध्यानात असते. मुंबई आणि ऱ्हाँडा या दोन्ही ठिकाणी एकाच धंद्यावर जगणारी दाट वस्ती होती, आणि तिथे कम्युनिस्ट स्त्रीला महापालिकेची वाट संसदेच्या वाटेपेक्षा आधी खुली झाली.

1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला आणि शहरात धान्य, तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती स्थापन झाली. मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा परस्परांशी भांडणाऱ्या पक्षांतल्या बाया एका व्यासपीठावर आल्या. मोर्चात बायका लाटणी घेऊन उतरल्या, ठरलेल्या वेळी चाळीचाळींतून थाळ्या बडवल्या गेल्या, मंत्र्यांना घेराव पडले, साठेबाजांच्या गोदामांवर धडका गेल्या. लाटणे मोर्चा हा शब्द मराठीत रुळला तो तेव्हा. कधीही सभेला न गेलेल्या हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या, त्यात गिरणगावच्या होत्या तशा गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीयही होत्या. या आंदोलनाला केवळ महागाईविरोधी म्हणणे अपुरे आहे. स्वयंपाकघरात काय शिजणार हे सरकारच्या धोरणावर ठरते, हा विचार या बायकांनी आपल्या अनुभवातून पक्का केला. अहिल्याबाईंची यातली बाजू स्पष्ट होती. परळ महिला संघाच्या दिवसांपासून रेशनच्या रांगांवर त्यांनी जे केले, त्याचाच हा शहरभराचा विस्तार होता.

1974 च्या गिरणी संपात कर्जबाजारी झालेल्या खानावळवाल्या बायकांसाठी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्याही डाव्या चळवळीतूनच आलेल्या. लाटणे मोर्चाच्या आगेमागे गिरणगावातल्या स्त्रियांमध्ये किती हालचाल होती याची त्यावरून कल्पना यावी.

जून 1975 मध्ये आणीबाणी आली आणि अहिल्याबाई पुन्हा तुरुंगात गेल्या. 1977 मध्ये मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून त्या लोकसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातून मार्क्सवादी पक्षाचे तिघे दिल्लीला गेले. बीडहून गंगाधरअप्पा बुरांडे आणि डहाणूहून लहानू शिडवा कोम हे दुसरे दोघे. ती लोकसभा तीन वर्षेही टिकली नाही. 1980 मध्ये त्याच मतदारसंघातून लाटणे मोर्चातल्या त्यांच्या सहकारी प्रमिला दंडवते जनता पक्षातर्फे निवडून आल्या.

महापालिकेतल्या स्त्रियांना राखीव जागा पुढच्या पिढीत मिळाल्या. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांनी नंतर हे प्रमाण निम्म्यावर नेले. बुऱ्हाणपूर महापालिकेच्या 2022 च्या महापौर निवडणुकीत भाजप आणि काँग्रेस या दोन्ही मुख्य पक्षांनी स्त्री उमेदवार दिल्या होत्या आणि माधुरी पटेल निवडून आल्या. आरक्षणाने दार उघडले, यात शंका नाही. त्याआधी आत गेलेल्या स्त्रियांच्या पाठीशी मात्र वर्षानुवर्षांची चळवळ असावी लागे, आणि तिचे पाठबळ असल्याने प्रशासनाला भिडणे त्यांना सोपे जाई.

पुढची वर्षे अहिल्याबाईंनी संघटनेला दिली. सीटू या कामगार संघटनेत त्या उपाध्यक्ष होत्या. 1981 मध्ये मद्रासला अखिल भारतीय जनवादी महिला संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापक नेत्यांत त्या होत्या. श्रमिक महिला संघाचे काम आता या देशव्यापी संघटनेचा भाग झाले. 1983 ते 1986 या काळात त्या पक्षाच्या महाराष्ट्र राज्य सचिव होत्या. बहुतेक पक्षांत राज्याची सूत्रे स्त्रीकडे देण्याचा विचारही होत नसे तेव्हाची ही गोष्ट. 1978 पासून केंद्रीय समितीवर असलेल्या अहिल्याबाई 2005 पर्यंत तिथे राहिल्या. दरम्यान, 1982 मध्ये सुरू झालेला गिरणी संप फसला आणि एकेक गिरणी बंद पडू लागली. ज्या चाळींतून त्यांनी काम सुरू केले त्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेले त्यांनी पाहिले. 19 एप्रिल 2009 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा लोकसभा निवडणुकीचा प्रचार सुरू होता आणि मुंबईचे मतदान 11 दिवसांवर आले होते.