प्रत्येक कबुतरात एक पारवा

कबुतरांना दाणे टाकावेत की नाही, या वादात मुंबईतल्या दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ती फाडलीही गेली. दाणे टाकणाऱ्यांचं ऐकून झालं, खोकणाऱ्यांचं झालं, न्यायालयाचंही झालं. आता जरा खुद्द त्या पक्ष्याकडे बघू. मराठीत त्याला नुसतं कबूतर म्हणणं तसं ढोबळच. निळसर राखाडी अंग, पंखावर दोन काळे पट्टे, म्हणजे हा पारवा. आणि हा आपला पारवा चार्ल्स डार्विनच्या 1859 च्या ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात, कमरेच्या रंगासकट हजर आहे. विलायती पारव्याची कंबर पांढरी, हिंदुस्थानीची निळसर, अशी तिथं नोंद आहे.

डार्विनचं नाव निघालं की आपल्याला गॅलापॅगोस बेटं आठवतात. माझ्या मते त्याची खरी बोट म्हणजे टपालखातं. 1855 मध्ये त्यानं केंट परगण्यातल्या डाउन गावी, घराच्या आवारात कबुतरं पाळायला घेतली. लंडनच्या कबूतरबाजांच्या मंडळांत नाव घातलं. त्याच डिसेंबरात एक टिपण तयार करून परदेशी ओळखीपाळखीच्यांना धाडलं. मागणी काय, तर तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पाळलेली कोंबडी, कबूतर, बदक, ससा यांची कातडी पाठवा. वाघ-बिबटे नकोत. दारातली कोंबडी हवी!

मागणी विचित्र वाटली, तरी लोकांनी मनावर घेतली. इराणमधून ब्रिटिश वकील मरे यांनी कबुतरं पाठवली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणारा एडवर्ड ब्लाइथ पानंच्या पानं लिहीत राहिला. 1856 मध्ये लोंबोक बेटावरून आलेल्या खोक्यात एक पाळीव बदक निघालं. ‘हे डार्विनसाहेबांसाठी’ अशी सूचना आपल्या दलालाला करणारा माणूस होता आल्फ्रेड वॉलेस. दोनच वर्षांनी नैसर्गिक निवडीची तीच कल्पना मांडणाऱ्या याच वॉलेसच्या पत्रानं डार्विनची झोप उडवली, ते सर्वश्रुत आहे. त्याआधीच्या बदकाची आठवण मात्र कुणी काढत नाही.

मला यात सर्वांत रस आहे तो मद्रासच्या वॉल्टर इलियटमध्ये. या गोऱ्या अधिकाऱ्याला 1824 च्या कित्तूरच्या उठावात राणी चन्नम्माच्या माणसांनी ओलीस धरलं होतं. सुटल्यावर तो याच मुलखात रमला आणि 1839 मध्ये त्यानं ‘दक्षिण मराठा प्रदेशा’तल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली, देशी नावांसकट. डार्विनला त्यानं पक्ष्यांची कातडी पाठवलीच, शिवाय सय्यद मोहम्मद मुसारी यांच्या 1770 च्या सुमाराच्या फार्सी कबूतर-ग्रंथाचा अनुवादही मिळवून दिला. अकबराच्या दरबारातली वीस हजार कबुतरंही डार्विनच्या पुस्तकात उतरली आहेत. म्हणजे उत्क्रांतीच्या पुराव्यात आपल्याकडच्या कबूतरबाजांचा वाटा आहे.

एवढ्या खटाटोपाचं कारण काय? लक्का, बार्ब, लोटन या पाळीव कबुतरांच्या जातींची रूपं इतकी वेगळी, की प्रत्येकाचा मूळपुरुष निराळा असणार, असं बहुतेक पाळणारे मानत. डार्विननं सांगाडे ताडून पाहिले. सडक्या पक्ष्यांच्या वासानं त्याला शिसारी येई, तरी त्यानं बदकांची हाडंही तोलली. एकूण सांगाड्याच्या प्रमाणात पाळीव बदकाच्या पंखाची हाडं रानबदकापेक्षा हलकी, पायांची जड भरली. मग पांढरा लक्का आणि काळा बार्ब यांचा संकर करून पुढची पिढी काढली. त्यांच्या एका नातवंडाचं अंग निळं आणि पंखावर तेच दोन काळे पट्टे! आजीआजोबांत नसलेला पारवा नातवंडात उगवला. म्हणजे सगळ्यांचा मूळपुरुष एकच, पारवा.

कोंबडीच्या बाबतीत मात्र गडी थोडा चुकला. सगळ्या कोंबड्या एकाच तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, असं त्याचं मत होतं. 2008 मध्ये जनुकांनी सांगितलं, की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलंय. म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो, त्याच्याकडून.

1868 मध्ये पाळीव प्राण्यांवरचे डार्विनचे दोन खंड निघाले. त्याआधी, 1867 मध्ये, कबुतरांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला देऊन झाला होता. 1859 च्या ग्रंथात डार्विननं इलियट आणि मरे यांचे आभार पहिल्याच प्रकरणात नावानिशी मानलेत. पण बाजारात पक्षी कुणी पारखला? कातडं न फाटता कुणी सोललं, आतून औषध कुणी चोळलं? इलियटच्या यादीत रानातल्या जनावरालाही देशी नाव मिळालं. सोलणाऱ्याला या ग्रंथात तेवढंही मिळालं नाही, याचा मला राग येतो.

उद्या खिडकीच्या सज्जावर पारवा बसला तर हाकलण्याआधी त्याला एकदा उडू द्या आणि कंबर बघा. निळसर दिसली, तर डार्विनची ती नोंद बरोबर होती. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इथला कुणीतरी असाच पक्षी हातात धरून उभा होता.