सतरा अक्षरांचा ठसा

पेन्सिल साधी लागते, शाळेतल्या पोरांची. टोक फार धारदार नको, आडवं घासता आलं पाहिजे. धाराशिवच्या त्या गॅरेजात मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिनामागच्या पत्र्यावरचा धुळीचा आणि ऑइलचा थर पेट्रोलच्या बोळ्यानं पुसला आणि पत्र्यात ठोकलेली चासी नंबरची अक्षरं वर आली. त्यांच्यावरून पेन्सिल फिरली. मग पारदर्शक चिकटपट्टीचा एक तुकडा वर दाबून अंगठ्यानं चोळला आणि अलगद उचलला. काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं, सतरा. पट्टी फॉर्मवर बसली. शेजारी उभा असलेला एजंट म्हणाला, "ठसा एकदम क्लिअर आला सर, आता आरटीओत अडत नाही."

गाडी माझ्या चुलतभावाची. २०११ चं मॉडेल, पुणे पासिंग, तो तिसरी पार्टी. कंपनीचं नाव लिहीत नाही. छोटी, घरच्या चार-पाच माणसांना पुरेल अशी. आमच्या जिल्ह्यात पहिली गाडी बहुधा अशीच येते. सोयाबीनचे पैसे हातात आले की पुण्याला, पनवेलला नाहीतर सोलापूरला जाऊन 'फर्स्ट ओनर, सिंगल हँड' म्हणत दाखवलेली गाडी बघायची, मिस्त्रीला सोबत न्यायचं, पत्रा वाजवून बघायचा, खाली वाकून ऑइल गळतंय का ते बघायचं आणि सौदा करायचा. घरी नेण्याआधी तुळजापूर. हार, कुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. गाडी बारा वर्षांची असली तरी त्या घरासाठी ती नवीच असते.

त्या दिवशी गॅरेजात मी सहज विचारलं, "मिस्त्री, या नंबरवर काही रिकॉल आहे का, बघता का कधी?"

"रिकॉल म्हणजे कंपनी गाडी परत घेते ते?"

अडचण या शब्दापासूनच सुरू होते. वर्तमानपत्रात मथळा येतो, 'अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या परत मागवल्या.' वाचणाऱ्याला वाटतं, गाडी जाणार, आता तिला गिऱ्हाईक मिळणार नाही, गप्प बसलेलं बरं. प्रत्यक्षात गाडी कोणी घेऊन जात नाही. बनवताना राहून गेलेला, जिवावर बेतू शकणारा दोष कंपनी कबूल करते, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बनलेल्या गाड्यांत तो आहे ते सांगते आणि तेवढा भाग आपल्या खर्चानं बदलून देते. दोन-तीन तासांत गाडी परत आपल्या दारात. आणि हा दोष शोधला जातो तो मालकाच्या नावानं नाही, या सतरा अक्षरांनी. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. सुरुवातीची तीन अक्षरं बनवणाऱ्याची खूण. एमए३ असेल तर मारुती, एमएके असेल तर होंडा.

छोट्या गाड्यांचे रिकॉल आपल्याकडे काही कमी झालेले नाहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुतीनं एक लाख ए-स्टार गाड्या बोलावल्या. इंधनपंपाच्या गॅस्केटपाशी पेट्रोल झिरपण्याचा धोका होता. २०१३ मध्ये फोर्डनं फिगो आणि क्लासिक मिळून १,६६,०२१ गाड्या तपासायला घेतल्या. मार्च २०१५ मध्ये ३३,०९८ अल्टो गाड्यांच्या उजव्या दाराच्या कुलपाची पाळी आली. यातले बरेच दोष असे, की ते गाडी नवी असतानाच डोकं वर काढतात किंवा हाताला लागतात. पेट्रोलचा वास येतो, दार नीट बसत नाही, आणि आमच्या मिस्त्रींसारखा माणूस ते एका नजरेत ओळखतो.

एअरबॅगचं प्रकरण वेगळं आहे. त्याच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

स्टिअरिंगच्या मधोमध जे जाड झाकण असतं, त्याच्या आत घडी घातलेली कापडी पिशवी आणि तिच्या मागे तळहातात मावेल अशी धातूची डबी. तिला इन्फ्लेटर म्हणतात. डबीत रसायनाच्या दाबून केलेल्या वड्या. टक्कर झाली की ठिणगी पडते, वड्या पेटून त्यांचा वायू होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगून डोकं झेलते. जपानच्या ताकाता कंपनीनं या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. खाणींच्या सुरुंगाच्या दारूत वापरतात, तेच रसायन. ते ओल धरतं. दमट हवा वर्षानुवर्षं झिरपत राहिली, उन्हात उभी गाडी दिवसा भाजत राहिली आणि रात्री निवत राहिली, की वड्यांची भुकटी होते. चुलीत जाडं सरपण कसं जळतं आणि लाकडाचा भुसा टाकला तर कसा भडका उडतो, तोच फरक इथं. भुकटी एकदम पेटते, डबीला दाब सोसवत नाही, ती फुटते आणि धातूचे तुकडे पिशवी फाडून चालवणाऱ्याच्या गळ्यात-छातीत शिरतात. जुलै २०१४ मध्ये मलेशियातल्या सारावाकमध्ये २००३ च्या होंडा सिटीत एका गर्भवती बाईचा जीव असाच गेला. वाचवायला ठेवलेल्या वस्तूनंच घात केला. जून २०१७ मध्ये ताकातानं दिवाळखोरी जाहीर केली. तोवर जगातल्या मोठमोठ्या कंपन्या या फेऱ्यात आल्या होत्या आणि बदलायच्या डब्यांचा आकडा दहा कोटींच्या घरात गेला होता. मोटारींच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा रिकॉल.

भारतात होंडानं जुलै २०१६ मध्ये या कारणानं १,९०,५७८ गाड्या बोलावल्या. जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या, त्यांत सिटी होत्या, छोटी जॅझही होती. जानेवारी २०१८ मध्ये २०१३ साली बनलेल्या आणखी २२,८३४.

आता या आकड्यांशेजारी आपल्या बाजाराची चाल ठेवून बघा. इतर दोष गाडी वापरता वापरता निघतात, हा दोष गाडी जुनी होईल तसा पिकतो. पहिल्या मालकाच्या हातात गाडी असताना वड्या धडधाकट असतात. दुसऱ्याकडे असताना त्या ओल धरू लागतात. दहा-बारा वर्षं झाली, किंमत उतरली, की गाडी आमच्याकडे येते. नेमका धोका वाढायच्या वयात ती आमच्या दारात उभी राहते, पुष्कळदा शेडशिवाय, लिंबाच्या सावलीत असली तर असली. मराठवाड्याची हवा कोरडी, हे खरं. पण गाडी कुठून आली हे बघायला हवं. अमेरिकेत हे काम विभागवार झालं तेव्हा फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट राज्यांतल्या गाड्या आधी घेतल्या, आणि आज तिथं असलेल्याच नव्हेत, तर कधीकाळी तिथं राहून गेलेल्याही. त्या हिशेबानं मुंबई किंवा पनवेल पासिंगची गाडी एमएच-२५, म्हणजे धाराशिवची, झाली, तरी तिच्या डबीतली समुद्राकाठची वर्षं काही पुसली जात नाहीत.

आणि पत्र? रिकॉलचं पत्र, मेसेज, फोन जातो तो कंपनीच्या दफ्तरात नोंद असलेल्या माणसाला. आमच्या गाडीचं पत्र गेलं असेल तर कोथरूडच्या कुठल्यातरी सोसायटीच्या टपालपेटीत गेलं असेल. त्या माणसानं तोवर गाडी विकली होती, फोन नंबर बदलला होता. मधली पार्टी तर डीलर. फॉर्म २९ वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि गिऱ्हाईक मिळालं की नाव भरायचं, ही त्या धंद्याची रीत. पत्राच्या मागे माणूस धावत नाही आणि माणसाच्या मागे पत्र पोचत नाही.

पण ठसा पोचतो! मला हे त्या गॅरेजात, चिकटपट्टी उचलताना बघूनच उमगलं. पुण्याहून एनओसी घेताना फॉर्म २८ वर हा नंबर लागला. इथं नावावर करताना पुन्हा लागला. पहिल्या मालकानं कर्ज काढलं असेल तर तेव्हाही, विमा तुटून पुन्हा काढला असेल तर तेव्हाही. एजंट, कारकून, निरीक्षक, विमावाला, इतक्यांनी हीच सतरा अक्षरं अंगठ्याखाली धरली. त्यांतल्या एकानं ती कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चौकोनात टाकली असती तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं. कोणाचंच ते काम नव्हतं, म्हणून कोणी केलं नाही.

ते कोणाचं तरी काम करावं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते आरटीओच्या हस्तांतरणाच्या खिडकीवर व्हावं. कागद तिथं आहे, नंबर तिथं आहे, नवा मालक स्वतः तिथं उभा आहे. जपाननं मे २०१८ पासून ताकाताच्या धोकादायक डब्या न बदललेल्या गाड्यांना सक्तीच्या तपासणीत पास करणं थांबवलं. ऑस्ट्रेलियानं फेब्रुवारी २०१८ मध्ये सक्तीचा रिकॉल काढला, २०२० अखेरची मुदत घातली आणि तिथल्या राज्यांनी हट्टी मालकांच्या गाड्यांची नोंदणी रोखली. काम मालकाच्या आठवणीवर सोडलं नाही.

आपल्याकडे कायदा उशिरा आला. जुलै २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची, सियामची, स्वेच्छेची आचारसंहिता होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ११०-अ हे कलम आलं. त्यानुसार सरकार कंपनीला दोषी गाड्या बोलावायला भाग पाडू शकतं, दुरुस्ती करून द्यायला, गाडी बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, दंड एक कोटी रुपयांपर्यंत. मालकांना तक्रार नोंदवायची सोयही झाली. पण हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. आमच्या जिल्ह्यात फिरणाऱ्या जुन्या छोट्या गाड्यांपैकी कितीतरी त्या रेषेच्या पलीकडच्या. वाचकांनी दोन गोष्टींची गल्लत मात्र करू नये. सात वर्षांची अट सरकारनं सक्ती करण्यापुरती आहे. कंपनीनं स्वतः जो रिकॉल आधीच जाहीर केलाय, तो वॉरंटीसारखा नसतो. गाडी किती हातांतून गेली, सर्व्हिसिंग कंपनीत केलं की गॅरेजात, याचा त्याच्याशी संबंध नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी नंबर टाकला. आधी चुकला. आठाच्या जागी बी वाचला होता, ठशात दोन्ही सारखे दिसत होते. पुन्हा भिंग लावून बघितलं. उत्तर आलं, ड्रायव्हरच्या बाजूचा इन्फ्लेटर, काम बाकी. भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, गाडी तर मलईसारखी चालतीय. उगं कशाला हात लावायचा?" मग पलीकडून वहिनींचा आवाज आला, "लेकरू पुढच्या सीटवर बसतंय, जाऊन या." त्यावर तो काही बोलला नाही.

काही कंपन्यांचं काम धाराशिवातच होतं, पण बऱ्याच कंपन्यांसाठी सोलापूर नाहीतर लातूर गाठावं लागतं. सामान आधी मागवावं लागतं, म्हणून फोन करून दिवस ठरवायचा. जाऊन-येऊन दिवस मोडतो, पेट्रोल आपलं. रोजंदारीवरच्या माणसाला हे फुकट पडत नाही आणि ते मान्य केलं पाहिजे. आम्ही सकाळी सातला निघालो, तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरला दहाच्या आत.

सर्व्हिस सेंटरमधल्या पोरानं आधी बॅटरीची तार सोडली आणि काही मिनिटं नुसता थांबला. तार काढल्यावरही त्या यंत्रणेत थोडा वेळ वीज धरलेली असते, असं त्यानं सांगितलं. मग स्टिअरिंगचं झाकण निघालं. मागून पिवळ्या रंगाचा कनेक्टर बाहेर आला. गाडीतली पिवळी तार आणि पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅग, त्याला कुठल्याही गॅरेजात हात लावू देऊ नये, आणि भंगारातून 'ओरिजिनल एअरबॅग' म्हणून मिळणारी वस्तू तर बसवूच नये. ती कुठल्या गाडीतून, किती वर्षांची, तिच्या डबीत काय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जुनी डबी त्यानं ट्रेमध्ये ठेवली. राखाडी, जड, बाहेरून अगदी निरोगी. खूण नाही, गंज नाही. भावानं उचलून हलवून बघायला हात पुढे केला तेव्हा पोरगा घाईनं म्हणाला, "नका, काका, हलवू नका." तिचा नंबर लिहून घेऊन ती परत पाठवायच्या खोक्यात गेली. जॉब कार्डावर रक्कम शून्य. ते भावानं आरसीच्या प्लॅस्टिक पाकिटात घातलं.

महिनाभरानं गॅरेजवरून जात होतो. पनवेल पासिंगची एक लाल गाडी बॉनेट उघडून उभी होती. मिस्त्रींनी हाक मारली. फॉर्मवर एक पट्टी बसली होती, दुसरी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या कागदावर चिकटवून ठेवली होती.

"ही तुमच्यासाठी काढली सर. मला बारीक दिसत नाही. मोबाईलवर टाकून बघता का?"