सेल्फ मारण्याआधी कान द्या!

किल्ली फिरवली आणि गाडी ढिम्म! मग आपण पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत बसतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपवतो. जरा थांबा. बिघाड कुठे आहे, ते गाडी आवाजातून सांगत असते.

टक-टक-टक-टक : बॅटरी उतरली आहे. सेल्फच्या मोटरला शंभराहून जास्त अँपिअर करंट लागतो. दमलेली बॅटरी सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) कसाबसा ओढते, पण मोटर फिरवू शकत नाही. म्हणून तो ओढला जातो, सुटतो, पुन्हा ओढला जातो.

एकदाच ‘टक्’ : हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे मालवल्यासारखे झाले, तर बॅटरी किंवा टर्मिनल तपासा. लख्ख राहिले, तर संशय सेल्फवर.

पांढरी-निळी पूड : टर्मिनलवर साचलेली ही पूड करंट अडवते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती निघते. टर्मिनल सैल असेल, तर पान्याचा एक पीळही पुरतो.

‘बारा’ची खरी गोष्ट : 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकात सुमारे 2.1 व्होल्ट. म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर 12.6 दाखवते. बरोबर 12 दिसले, तर ती बरीच उतरली आहे!

फिरतंय, पण पेटत नाही : म्हणजे बॅटरी आणि सेल्फ संशयातून सुटले. आता पेट्रोल आणि ठिणगी पाहायची. किल्ली ‘ऑन’ केल्यावर बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. तो फ्युएल पंप. आवाज नसेल, तर आधी फ्यूज बघा.

डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय : गाडीने किल्लीतली चिप ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहा.

डिझेलचा हट्ट : डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेटतं. टाकी कोरडी पडली की लाइनीत हवा शिरते. नुसतं डिझेल भरून भागत नाही, हवा काढावी लागते.

पाण्यात बुडालेली गाडी : 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुरात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारूच नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हँडल गेलं, सेल्फ आला : पूर्वी इंजिन हाताने हँडल मारून चालू करत. इंजिन उलटं फिरलं, तर मनगटं मोडायची. चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ 1912च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हा धोका टळला.

मेकॅनिकला फोन करताना ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगू नका. ‘टक-टक वाजतंय’ किंवा ‘फिरतंय, पण पेटत नाही’ असं सांगा. तो नेमकं सामान घेऊनच येईल.