जुन्या मोटारीचा अस्सल भाग

इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर ज्यांचें नांव मिरवितें, त्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून फियाट ११००-डी निघूं लागली. पुढें तीच ‘पद्मिनी’ झाली. अशी मोटार पूर्ववत् करूं पाहणारा एखादा हौशी गृहस्थ इटलींतून भाग मागवितो. मूळ गांवचा तोच अस्सल, ही समजूत! पण इटलींतील ११००-डीचें इंजिन १२२१ घनसेंटिमीटरचें, कुर्ल्याचें १०८९ चें. तिकडचा पिस्टन इकडे कसा बसावा? तेव्हां श्रोतेहो, कसोटी एकच: त्या सालीं त्या कारखान्यानें काय बसविलें होतें? त्या सालचें माहितीपत्रक आणि हात न लागलेली दुसरी गाडी, यांवरून तें पडताळावें. नाहींतर गाडी चकाकेल, पण तिचा इतिहास पुसला जाईल.