गर्भाशयाचा कर्करोग : आशा आणि आधार

आजच्या भाषणाचा विषय घरांत सहसा मोठ्यानें बोलला जात नाहीं. कर्करोग हें नांवच मनाला हादरविणारें. त्यांतून तो गर्भाशयाचा असला म्हणजे भीतीच्या जोडीला संकोच येतो, आणि रोगी स्त्री आपल्याच माणसांत एकटी पडते. म्हणून आशा कशाच्या बळावर धरावी आणि आधार कोणीं, कसा द्यावा, या दोनच प्रश्नांचा आज विचार करूं.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निराळा. तो बहुधा एका विषाणूच्या दीर्घकाळच्या संसर्गामुळें होतो. आपण ज्याविषयीं बोलत आहों तो बहुतेक वेळां गर्भाशयाच्या आंतील अस्तरांत उद्भवतो. ईस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव, प्रोजेस्टेरोन या दुसऱ्या अंतःस्रावाचा आळा नसतां, दीर्घकाळ त्या अस्तरावर कार्य करीत राहिला म्हणजे या रोगाचा संभव वाढतो. स्थूलपणानेंही तो वाढतो. कारण शरीरांतील चरबींत ईस्ट्रोजेन तयार होत असतें. तेव्हां हा रोग पूर्वकर्माचें फळ नव्हे, चारित्र्यावरील कलंक नव्हे, आणि स्पर्शानें पसरणाराही नव्हे. एवढें घरांतील सर्वांस कळलें, तरी रोगिणीच्या मनावरील पुष्कळ ओझें उतरेल.

आतां आशेविषयीं. हा रोग बहुधा लवकर खूण देतो. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हां रक्त दिसणें, ही ती खूण होय. अशा दहा स्त्रियांपैकीं सुमारें नऊजणींत कारण दुसरेंच निघतें. पण ती दहावी कोण, हें तपासणीवांचून कळत नाहीं. अस्तराचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून निदान करतात. रोग गर्भाशयापुरताच असतां, तो काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनें बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. जरूर पडल्यास किरणोपचार व औषधें यांची जोड देतात. रोग पुढें गेला असेल तेव्हां पूर्ण बरें होण्याचें वचन कोणी देऊं नये; परंतु तेव्हांही आयुष्य वाढविणारे व वेदना शमविणारे उपाय असतात.

आधार देणें हें घराचें काम आहे. रोगिणी विचारील तें तिच्यापासून लपवूं नये. कुजबुज ऐकून ती सत्याहून भयंकर कल्पना करते. डॉक्टरांकडे जातांना सोबत कोणी तरी असावें, आणि विचारावयाचे प्रश्न कागदावर टिपून न्यावेत. गर्भाशय गेला म्हणजे स्त्रीत्व गेलें, ही समजूत खोटी आहे, हें पतीनें आपल्या वागणुकीनें दाखवावें. मूल हवें असणाऱ्या तरुणीचें दुःख मात्र खरें असतें. त्यावर उपदेश न करतां तिचें ऐकून घ्यावें.

घराबाहेरही हात देणारे आहेत. मुंबईस परळ येथें 1941 सालीं टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालें. 1951 सालीं इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. परगांवच्या रुग्णांची राहण्याची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेंत होते. व्ही केअर फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांत स्वतः कर्करोगांतून पार पडलेलीं माणसें आहेत. त्यांच्या चार शब्दांनीं जो धीर येतो, तो आपल्या शंभर शब्दांनीं येत नाहीं.

शेवटीं एकच विनंती. आपल्या घरांतील आई, आत्या, मावशी अशी कांहीं तक्रार सांगूं लागली, तर "वयोमानानें होतें" असें म्हणून तिला गप्प करूं नका. त्याच आठवड्यांत तिला डॉक्टरांकडे न्या.