वैराट शिखर आणि पूर्णा खोऱ्यातील पाणी : एक भौगोलिक विवेचन

प्रस्तावना

पर्वतशिखराचे महत्त्व केवळ समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून ठरत नाही. अंटार्क्टिका खंडातील सर्वोच्च व्हिन्सन शिखर ४,८९२ मीटर उंच आहे. परंतु तेथील हिमावर कोणत्याही गावाची शेती अवलंबून नाही. याउलट अमरावती जिल्ह्यातील वैराट शिखर सुमारे १,१७७ मीटर उंचीचे असूनही वऱ्हाडच्या मैदानातील पाण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. सदर लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

स्थान व भूरचना

वैराट हे चिखलदऱ्यानजीक, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांपासून बनलेला बेसाल्ट हा येथील प्रमुख खडक होय. रांगेच्या दक्षिण पायथ्याशी गाविलगड प्रस्तरभंग असल्यामुळे मैदानाकडील उतार तीव्र आहे. अमरावती शहराची उंची सुमारे ३४३ मीटर आहे. म्हणजेच शिखर मैदानापेक्षा आठशे मीटरांहून अधिक उंच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे या उंचीला अडून वर चढतात व थंड होतात. परिणामी चिखलदऱ्यास मैदानाच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो.

जलविभाजक

ही रांग जलविभाजकाचे कार्य करते. उत्तरेकडील पाणी सिपना नदीतून तापीस मिळते. दक्षिणेकडील पाणी शहानूर, चंद्रभागा या नद्यांद्वारे पूर्णेत जाते. वलगावजवळून वाहणारी पेढी नदीही पूर्णेचीच उपनदी आहे. पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे पूर्णा तापीस मिळते. शिखराशी विभक्त झालेले पाणी तेथे पुन्हा एकत्र येते.

पायथा आणि खारपाणपट्टा

उतार एकाएकी कमी होताच नद्यांनी वाहून आणलेले दगडगोटे व वाळू पायथ्याशी साचतात. या सच्छिद्र पट्ट्यात पाणी वेगाने मुरते. त्याच भूजलावर संत्रा व केळीच्या बागा वाढल्या. मात्र उपसा पुनर्भरणाहून अधिक झाल्याने विहिरींची पातळी खालावली. याच्या दक्षिणेस पूर्णेच्या गाळाचा खारपाणपट्टा आहे. येथील भूजल क्षारयुक्त असल्याने दर्यापूर, भातकुली परिसरातील अनेक गावांना विहिरीचे पाणी पिण्यास उपयोगी पडत नाही. शहानूर धरणाचे गोडे पाणी दर्यापूर-अंजनगाव भागातील गावांना नळाने पुरविले जाते, ते याच डोंगरातून आलेले असते.

निष्कर्ष

वैराटच्या उतारावरील वन हे पाणी धरून ठेवणारे आवरण आहे. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. तथापि त्याच्या संरक्षणाचा विचार केवळ वाघांपुरता मर्यादित ठेवणे अपुरे ठरेल. वनाचे आवरण विरळ झाल्यास पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जाईल आणि त्याची झळ प्रथम पायथ्याच्या बागांना, त्यानंतर खारपाणपट्ट्यातील पिण्याच्या पाण्याला बसेल. म्हणून शिखर, पायथा व मैदान यांचे नियोजन एकच जलप्रणाली मानून होणे आवश्यक आहे.